तळटीप : अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत
* पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या धाग्याला नवा जोडीदार धागा मिळतो. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. वॉटसन-क्रिक यांनी १९५३ मध्ये सुचवलेली ही रीत मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रयोगाने दाखवून दिली. जड नायट्रोजनवर पोसलेले ई. कोलाय जिवाणू त्यांनी साध्या नायट्रोजनवर आणले. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवल्यावर पहिल्या पिढीच्या डीएनएचा एकच, मध्यम घनतेचा पट्टा उमटला. दुसऱ्या पिढीत त्याच्या जोडीला हलका पट्टाही आला. जुना रेणू अखंड राहत असता, तर पहिल्याच पिढीत जड आणि हलका असे दोन वेगळे पट्टे दिसले असते. — संपा.