तालीम, कवायत आणि खेळ : बडोद्याचा व्यायामविचार आणि लहान प्राथमिक शाळा

मराठीत 'तालीम' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पहिलवान जेथे मेहनत करतात ती जागा म्हणजे तालीम आणि नाट्यप्रयोगापूर्वीचा सराव म्हणजेही तालीमच. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ 'शिकवणे' असा आहे. हिंदुस्थानीने तो अर्थ कायम ठेवला. १९३७ साली वर्ध्यात पुढे आलेली शिक्षणयोजना 'नई तालीम' या नावाने ओळखली गेली ती त्यामुळेच. मराठीने मात्र शिक्षणवाचक शब्द शरीराच्या शिक्षणाकडे वळवला. ज्या भाषेने असे केले, तिच्याच प्राथमिक शाळेत शरीराचे शिक्षण वेळापत्रकाच्या कडेला का राहिले, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

या प्रश्नाचा माग घेण्यासाठी बडोदे संस्थानाकडे वळणे उचित ठरते. मराठीभाषक राजघराणे आणि प्रामुख्याने गुजराती प्रजा असलेल्या या संस्थानात दोन गोष्टी घडल्या. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्याच काळात राजधानीत जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांची आखाड्याची परंपरा भरास आली. गावोगावची शाळा आणि शहरातील आखाडा ही दोन्ही एकाच राजाश्रयाखाली वाढली; परंतु त्यांची रचना परस्परांहून भिन्न होती.

आखाड्यात येणारा शिष्य स्वेच्छेने येतो. तो बहुधा तरुण आणि पुरुष असतो, आणि उस्ताद त्याच्या अंगचे गुण पाहून त्याला घडवतो. सक्तीच्या शाळेत सर्वच मुले येतात. तेथे सहा वर्षांची मुलगी असते, अशक्त मुलगा असतो आणि खेळात मुळीच रस नसलेलाही असतो. आखाड्याची पद्धत शाळेत उतरवताना मधला दुवा म्हणून आली ती कवायत. हा शब्दही अरबीच. 'नियम' या अर्थाच्या शब्दाचे ते अनेकवचन. लष्करातून तो शाळेत आला. माणिकरावांनी संघव्यायामाचा प्रसार करताना इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी आज्ञा आणल्या. भाषेच्या दृष्टीने हे मोठेच कार्य होते. कवायतीची मूळ अट मात्र बदलली नाही. एका शिक्षकाने शेकडो मुलांना एकाच वेळी एकच हालचाल करावयास लावणे, हे या पद्धतीचे बळ आहे. पाच इयत्तांची मिळून वीस मुले असलेल्या शाळेत या बळाला वावच उरत नाही.

तिसरा प्रवाह देशी खेळांचा. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून मराठीत प्रसिद्ध झाला. देशी खेळांची एवढी विस्तृत नोंद महाराष्ट्राबाहेरील एका शहरात मराठीतून व्हावी, ही घटना मराठीच्या सीमांचा विचार करताना दुर्लक्षिण्यासारखी नाही. या कोशामागे नियमबद्धतेची चळवळ उभी होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये बडोद्यात सुधारित नियमांनुसार हुतूतूचे सामने भरवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. लिखित नियमांमुळे हे खेळ प्रांताबाहेर गेले आणि त्यांना प्रतिष्ठा लाभली.

या लाभाची दुसरी बाजू फारशी चर्चिली गेलेली नाही. नियमबद्ध खो-खोला मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू लागतात, हुतूतूला सात. दोन्ही संघ तुल्यबळ असावे लागतात आणि मैदान मोजलेले असावे लागते. अलिखित परंपरेत हा हिशेब उलटा होता. जमलेल्या मुलांच्या संख्येवरून आणि उपलब्ध जागेवरून नियम ठरत. लगोरीला सात चपट्या खापऱ्या व एक चेंडू पुरे. लंगडीला तेवढेही लागत नाही. या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द म्हणजे 'लिंबूटिंबू'. जो लहान असल्यामुळे बाद होत नाही, ज्याच्यावर राज्य येत नाही, पण जो खेळाबाहेरही घातला जात नाही, तो लिंबूटिंबू. विषम वयाच्या मुलांनी एकत्र खेळावे कसे, या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच या एका शब्दात देऊन ठेवले होते. छापील नियमपुस्तिकेत या भिडूला जागा नाही, कारण सामन्यात प्रत्येक खेळाडू समान असावा लागतो. लहान शाळेत मात्र निम्मी मुले लिंबूटिंबूच असतात.

खेळाचा हा अलिखित संचय बहुभाषिकही आहे. विटीदांडूत मोजताना म्हटले जाणारे वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द तेलुगू-कन्नड संख्यावाचकांशी नाते सांगतात. हाच खेळ हिंदीत गिल्ली-डंडा, गुजरातीत मोई-दांडिया आणि कन्नडमध्ये चिन्नी-दांडू होतो. झिम्मा-फुगडीच्या बाबतीत तर अभ्यासशाखांनीच एका गोष्टीचे दोन तुकडे केले. गाणी लोकसाहित्याच्या वाट्याला आली. श्वास, तोल आणि गिरकी यांकडे शारीरिक शिक्षण म्हणून क्वचितच पाहिले गेले. मुलींच्या व्यायामाची स्वतःची परंपरा त्यामुळे शाळेच्या दाराशीच थांबली.

स्वातंत्र्योत्तर धोरणाने हे अंतर कमी केले नाही. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक प्रामुख्याने माध्यमिक शाळेत रुजला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आणि खेळसाहित्य यांची तरतूद आहे. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरांहून अधिक मुले असतील तरच. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, आणि सर्व विषय त्यांच्याकडेच. ही स्थिती अपवादात्मक नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उद्धृत केलेल्या २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसहून कमी मुले होती आणि एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या. अशा शाळांतील कला-क्रीडा शिक्षणाच्या उणिवेवर शाळासंकुलांत शिक्षक वाटून घेण्याचा उपाय हे धोरण सुचवते. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतचे क्रीडा अनुदान आले. या पैशांतून चेंडू आणि दोर येतील. खेळ घेणारा मात्र वर्गशिक्षकच राहील, आणि संकुलातील शिक्षक आठवड्यातून एखादा दिवस येईल.

म्हणून सुधारणेचा आरंभ या वर्गशिक्षकापासूनच व्हावयास हवा. त्याला मोजलेल्या मैदानाचे नियम शिकवण्यापेक्षा वीस विषमवयीन मुलांसाठी खेळ बदलून घेण्याची रीत शिकवणे अधिक उपयुक्त ठरेल. 'व्यायाम ज्ञानकोशा'तील खेळांची नोंद या दृष्टीने पुन्हा वाचता येईल. तिच्याशी शेजारच्या भाषांतील खेळ ताडून पाहणे, त्यांतील शब्द, मोजणी आणि गाणी हालचालींसह टिपणे, हे काम तौलनिक साहित्याचे अभ्यासक करू शकतात. दररोजची वीस-पंचवीस मिनिटे आणि शाळेपुढचे अंगण एवढ्यावर हे शिक्षण उभे राहू शकते. ते उभे न राहिल्यास लहान गावातील मूल शालेय जीवनाची पहिली पाच वर्षे शरीराच्या शिक्षणावाचून काढते, आणि पुढील कोणतीही क्रीडायोजना ती वर्षे भरून देऊ शकत नाही.