पात्रतेचा रकाना

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादिकाबाईंचा निरोप आला तेव्हा आमच्या घरी नातीचा 'नीट' परीक्षेचा अर्ज भरणे चालले होते. भरत होती ती, संगणकावर. मी चष्मा लावून शेजारी बसून पात्रतेच्या अटी वाचीत होते. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन बारावी. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण. वयाची वरची मर्यादा मात्र २०२२ साली काढून टाकलेली. "मग आजी, तूसुद्धा बस की परीक्षेला!" नात म्हणाली. मी हसले. इंटर सायन्सला माझे गुण मेडिकलला पुरेसे होते; पण मुलगी इतकी वर्षे शिकणार, मग तिचे लग्न कधी व्हायचे, या एका प्रश्नावर आमच्या घरी विषय मिटला. अर्ज आणलाच गेला नाही. असो.

परंतु त्या दिवसापासून हा पात्रतेचा विषय माझ्या डोक्यात बसला. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या, ही कथा आपल्या मंडळातील प्रत्येकीला पाठ आहे. एडिंबरोच्या सात जणींची हकीगत मात्र फारशा कोणाला ठाऊक नसावी, आणि तिचा एक धागा तर थेट आपल्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलापर्यंत येतो.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक या बाईंनी एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकीसाठी अर्ज केला. उत्तर असे आले की, एका बाईसाठी वेगळी व्यवस्था करता येत नाही. बाई खमक्या! त्यांनी वर्तमानपत्रातून आवाहन करून आणखी मैत्रिणी मिळविल्या व पुन्हा अर्ज केला. आता नकाराचे ते कारणच उरले नाही. ऑक्टोबरात प्रवेशपरीक्षा झाली. इंग्रजी, लॅटिन व गणित सर्वांना सक्तीचे, शिवाय आणखी दोन विषय. परीक्षेला बसले १५२ उमेदवार, त्यांत बायका अवघ्या पाच. आणि पहिल्या सातांत चार बायका!

भगिनींनो, पात्रता म्हणजे हीच असती तर गोष्ट येथे संपली असती. पण अटी पुढे निघत गेल्या. बायकांचे वर्ग वेगळे भरतील. वर्ग लहान म्हणून फी जास्त पडेल. आणि त्यांना शिकवावे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, कोणा प्राध्यापकावर सक्ती नाही. पुढच्याच वर्षी एडिथ पीची हिने रसायनशास्त्रात नव्या विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक मिळविला. त्या क्रमांकाला शिष्यवृत्ती होती; ती तिच्याखालच्या मुलांना दिली. कारण काय, तर ही वेगळ्या वर्गात शिकली, सबब ती वर्गाची विद्यार्थिनीच नव्हे! आधी पंगत वेगळी मांडायची, आणि मग म्हणायचे, तुम्ही पंगतीला नव्हताच.

१८ नोव्हेंबर १८७० रोजी त्या शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेस गेल्या, तर दारात शेकडोंचा जमाव. चिखलफेक झाली, शिवीगाळ झाली, फाटक तोंडावर बंद केले गेले. त्या कशाबशा आत गेल्या व चिखलाने भरलेल्या लुगड्यांनिशी (लुगडी आपली, त्यांचे झगे!) पेपर लिहावयास बसल्या. मग कोणी तरी एक मेंढी परीक्षेच्या दालनात ढकलून दिली. पेपर त्यांनी पुरा केला.

अखेर प्रकरण न्यायालयात गेले. १८७३ साली निकाल लागला की, विद्यापीठाने यांना पदवी देण्याचे कारण नाही, मुळात प्रवेश दिला हेच चुकले. चार वर्षे शिकून, परीक्षा देऊन, शेवटी पात्रताच नव्हती असे ऐकावे लागले. सोफियाबाई लंडनला गेल्या व १८७४ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय निघाले. बायकांना डॉक्टरकीची परवानगी देण्याची मुभा परीक्षामंडळांना देणारा कायदा १८७६ साली झाला. एडिथ पीचीने स्वित्झर्लंडात बर्न येथे पदवी घेतली.

हीच पीची १८८३ च्या डिसेंबरात मुंबईस आली. पुरुष डॉक्टरला हात दाखविण्याच्या संकोचाने बायका दुखणी अंगावर काढीत. त्यांच्यासाठी स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले रुग्णालय असावे म्हणून मुंबईकरांनी पैसा उभा केला होता. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. त्याची पहिली प्रमुख ही. त्या सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली झाला होता. पीचीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या त्या सोफियाबाईंच्याच त्या विद्यालयात शिकावयास. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या व पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांचे दवाखाने चालविले.

हा सर्व इतिहास जुना म्हणून मी नातीला सांगत होते, तर तिनेच मला टोकले. २०१८ साली जपानात टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षे गुपचूप कमी केल्याचे उघड झाले. सबब अशी की, मुली पुढे लग्न करून, मुले झाली की नोकरी सोडतात. माझ्या घरी झालेलीच ती चर्चा, फक्त तेथे ती गुणपत्रिकेतच उतरविली होती.

एडिंबरो विद्यापीठाने त्या सात जणींना जुलै २०१९ मध्ये मरणोत्तर पदव्या दिल्या. परीक्षेला दीडशे वर्षे होत आली होती. व्यासपीठावर जाऊन त्या पदव्या घेतल्या त्या तेथे त्या वेळी वैद्यकी शिकत असलेल्या मुलींनी.

नातीचा अर्ज त्या रात्री भरून झाला. फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी होती, म्हणून माझ्या लुगड्याच्या पेटीतला पांढरा पंचा भिंतीवर टांगून फोटो काढला.