सरहद्दीवरचे दार

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी होटगी, अक्कलकोट रोड, बोरोटी ही स्टेशने मागे टाकीत दुधनीला येऊन थांबते. पुढची कुलाली आणि गाणगापूर रोड ही स्टेशने कर्नाटकातली. आज ही हद्द ओलांडताना उतारूला काहीच जाणवत नाही. खिडकीबाहेर तूर आणि ज्वारी तीच, आणि डब्यातली बोली अर्धी मराठी, अर्धी कानडी, तीही तीच. दत्ताच्या दर्शनाला निघालेली मंडळी दुधनी आली की पिशव्या आवरू लागतात, एवढाच काय तो फरक.

परंतु १९४८ साली याच दोन स्टेशनांच्या मधून दोन राज्यांची सरहद्द जात होती. अलीकडे अक्कलकोटचे भोसल्यांचे संस्थान, जे त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झाले; आणि पलीकडे निजामाचा मुलूख. आमच्याकडची जुनी माणसे त्याला 'मोगलाई' म्हणत. दिल्लीची मोगलाई कधीच बुडाली होती, पण हा शब्द मात्र आमच्या सरहद्दीवर टिकून राहिला. मोगलाईत लग्ने होत, मोगलाईतून सुना येत, मोगलाईत बैल विकले जात. करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरली की पलीकडचे गाव आपलेच असे.

त्या वर्षाने हे सारे बदलले. निर्वासित आणि हेर, आश्रय आणि धोका यांविषयी हल्ली जगभर चर्चा चालते, तेव्हा मला नेहमी आमच्या घराचे मागचे दार आठवते. म्हणूनच ही हकिकत या दिवाळीला वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील होईना. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला, परंतु त्याने काहीच जैसे थे राहिले नाही. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हाती इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना होती, आणि तिचे रझाकार गावोगाव कवायत करू लागले. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. लुटालूट, जाळपोळ आणि खून यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ माणसे येऊ लागली. बैलगाडीतून, पायी, रात्रीच्या रात्री सरहद्द ओलांडून ती सोलापूर, बार्शी, पंढरपूर या बाजूला उतरली. कोणी नातेवाइकांकडे राहिली, कोणी देवळात, धर्मशाळेत, तर कोणी झाडाखाली.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच काळात उलट दिशेनेही माणसे जात होती. मध्य प्रांतातून आणि आसपासच्या मुलखातून भयभीत झालेले मुसलमान निजामाच्या राज्यात आसरा शोधीत होते. एकाच रस्त्याने दोन्ही दिशांना गाठोडी चालली होती, आणि प्रत्येक बाजूला दुसरीकडून येणारा माणूस संशयास्पद वाटत होता.

संशय सर्वस्वी खोटा होता असेही नाही. सरहद्दीच्या अलीकडे स्टेट काँग्रेसने जी शिबिरे उभारली होती, तेथे केवळ अन्नछत्र नव्हते. तेथील तरुण शस्त्रे शिकत, रात्री पलीकडे जाऊन करोडगिरीचे नाके आणि पोलिसांची ठाणी उठवीत आणि पहाटे परत येत. म्हणजे एकाच आवारात आईच्या कडेवरचे मूल आणि बंदूक घेतलेला जवान. जो आज निर्वासित, तोच उद्या लढवय्या. पलीकडच्या सरकारला ही शिबिरे बंडखोरांचे अड्डे वाटली यात नवल नाही. उलट रझाकारांचे हेर निर्वासितांत मिसळून येतील, ही धास्ती अलीकडच्यांना होती. पुढे जगातल्या कितीतरी छावण्यांतून हाच पेच पडलेला दिसतो.

२२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्टेशनावर रझाकारांनी आगगाडीवर हल्ला केला. आमच्या गावापासून दोनच स्टेशने पलीकडे! उन्हाळ्याचे दिवस, गाडीत बायकामुले. त्या बातमीने देश हादरला. मग दुधनीची काय कथा? जुलैत सोलापूरजवळच्या नान्नज येथे तर चकमकच झडली.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझी आज्जी त्या वेळी वीस वर्षांची, नवी सून. घर गावाच्या पूर्वेच्या अंगाला, मागचे दार रानाकडे उघडणारे. तिचे सासरे भुसारीचा धंदा करीत. करडा माणूस, पण न्यायी. आज्जी सांगे की, गाणगापूरच्या प्रकारानंतर पंधरा दिवसांतच एका रात्री मागचे दार वाजले. बाहेरून एक बाई कानडीत म्हणत होती, "बागला तेगीरी." म्हणजे, दार उघडा. घरातल्या गड्याने काठी घेतली. सासऱ्यांनी कंदील घेतला, दार वीतभर उघडले आणि कंदील वर करून बाईच्या तोंडासमोर धरला. मग विचारपूस झाली. गाव कोणते? पाटील कोण? तुमच्याकडची तूर कोणत्या अडत्याकडे जाते? बाईने तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. मागे दोन मुले आणि एक म्हातारा उभा होता. ती मंडळी आमच्या पडवीत साडेतीन महिने राहिली.

माझ्या मते ही उत्तम चौकशी होय. तिला ना कागद लागला, ना शिक्का. दार वीतभरच उघडले, पण उघडले. भीती होती म्हणून कंदील वर केला, आणि कंदील वर केला म्हणून भीती गेली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मेजर जनरल चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतला. सतराव्या तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लोक याला 'पोलिस अॅक्शन' म्हणतात. पाच दिवसांत राज्य गेले. सरहद्दीवर पेढे वाटले गेले. आमच्या पडवीतली मंडळी गाडी जुंपून आपल्या गावी परतली, आणि जाताना त्या बाईने आज्जीची ओटी भरली. ही कथा येथेच संपती तर किती बरे झाले असते! दिवाळी अंकात शोभली असती.

परंतु इतिहास आपल्या सोयीने थांबत नाही. रझाकारांचे राज्य संपल्यावर त्यांच्या पापाचा सूड ज्यांनी पाप केले नव्हते अशांवर उगवला गेला. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा (आताचे कलबुर्गी), बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक अनर्थ झाल्याचे त्यांना आढळले. एकंदर संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. लुटीत आणि हत्येत सोलापूर व इतर गावांहून गेलेली शस्त्रधारी माणसेही होती, हेही त्यांनी लिहिले. हा अहवाल अनेक दशके बासनात पडून होता.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तीही सांगितली पाहिजे. अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी कित्येकांनी प्राणही गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्याला त्याचा हात ठाऊक असतो; तो रझाकार होता की नव्हता, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

सरकारपुढचा प्रश्न खरोखरीच अवघड होता. रझाकार गणवेश टाकून लोकांत मिसळले होते. हजारो माणसे पकडली गेली. अरब आणि पठाण, ज्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म हैदराबादेतच झाला होता, त्यांनाही परके म्हणून डांबले, आणि अनेकांना देशाबाहेर पाठवण्याची खटपट झाली. आणि खुद्द कासिम रझवी? त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, त्याचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शिक्षा भोगून तो १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. हे योग्यच झाले. कायद्याचे राज्य म्हणतात ते हेच. परंतु मनात आल्यावाचून राहत नाही की, ज्याने आग लावली त्याला साक्षीपुरावे मिळाले, आणि ज्या गरिबाचे फक्त नाव त्याच्यासारखे होते, त्याला कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

पुढे १९५१ साली निर्वासितांविषयी जागतिक करार झाला. छळाच्या भीतीने पळालेल्याला त्या संकटात परत लोटू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. त्यातच असेही लिहिले आहे की, ज्याने स्वतः घोर गुन्हे केले त्याला निर्वासिताचे संरक्षण मिळणार नाही, आणि जो यजमान देशाच्या सुरक्षेला खरोखर धोका आहे त्याला परत पाठवता येईल. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, तरी १९५९ साली तिबेटी लोकांना आणि १९७१ साली पूर्व बंगालच्या सुमारे एक कोट लोकांना आपण आश्रय दिला. उलट, १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाल्यावर तामिळनाडूतील छावण्यांमधल्या सगळ्याच श्रीलंकी निर्वासितांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांना परत पाठवणे सुरू झाले. यांतील पुष्कळ जण ज्या युद्धातून पळाले होते, ते तिकडे चालूच होते. कट रचणारे मूठभर. झळ मात्र साऱ्या छावणीला.

तेव्हा सुरक्षा हवी की दया, असा प्रश्न घालणेच मला चुकीचे वाटते. खरी सुरक्षा माणूस ओळखण्यात आहे. चौकशी कसून करावी, प्रश्न अडचणीचे विचारावेत, दार हवे तर वीतभरच उघडावे. पण विचारावे त्या माणसाला, त्याच्या जातीला नव्हे. घाऊक संशय हा चौकशीचा आळस आहे. त्याने खरा गुन्हेगार सापडत नाही, तो तर गर्दीत आणखी सुरक्षित होतो.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे कोणी समजू नये. आमच्या घराने हे शहाणपण गमावलेले आहे.

आज्जीने ही दुसरी गोष्ट मला एकदाच सांगितली. पडवी रिकामी होऊन आठ दिवस झाले होते. पुन्हा रात्री मागचे दार वाजले. पुन्हा बाईचाच आवाज, पुन्हा कानडीत, "बागला तेगीरी." मूल रडत होते. मधूनच ती बाई त्याला दखनी उर्दूत गप्प करीत होती, आणि त्यावरूनच घरात सगळ्यांना उमगले. पळून आलेले रझाकार बायकांना पुढे करून दारे उघडायला लावतात, अशी अफवा त्या दिवसांत गावात होती. घरात लेकीसुना होत्या. सासऱ्यांनी कंदील उचलला, क्षणभर तसाच हातात धरला आणि फुंकून विझवला. अंधारात सारे जण श्वास रोखून बसले. थोड्या वेळाने रडणे दूर गेले. सकाळी मागच्या पायरीवर काहीही नव्हते.

मी सासऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी काय केले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेही पुढे त्या रात्रीविषयी कधी बोलले नाहीत, असे आज्जी म्हणे.

मी तिला विचारले, "आज्जी, ते खरेच रझाकार असते तर?"

ती दिवाळीच्या वाती वळीत बसली होती. हातातली वात पुरी करून तिने ताटात ठेवली आणि म्हणाली, "असते तर असते रे बाळा. पण निदान कंदील तरी वर करायचा होता."