गटापेक्षा माणूस मोठा : तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक यांची कसोटी

१/ फेब्रुवारी १९४७, लेक सक्सेस, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाचे पहिले अधिवेशन सुरू होते. लेबनॉनच्या प्रतिनिधीने मांडले : माणूस कोणत्याही वंशाचा वा राष्ट्राचा असो, त्या समूहापेक्षा तो माणूस श्रेष्ठ आहे. समूहही चुकू शकतो आणि त्याचा निवाडा व्यक्तीनेच करायचा असतो. युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीने याला कडाडून विरोध केला.

२/ हे प्रतिनिधी म्हणजे चार्ल्स मलिक. जन्म १९०६, उत्तर लेबनॉनमधील एका खेड्यात, ग्रीक ऑर्थोडॉक्स कुटुंबात. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकून ते तत्त्वज्ञानाकडे वळले. हार्वर्डमध्ये व्हाइटहेड आणि जर्मनीत फ्रायबुर्गला हायडेगर हे त्यांचे गुरू. जर्मनीत तेव्हा नाझी राजवट होती. समूहापुढे व्यक्ती कशी चिरडली जाते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

३/ १९३७ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून ते बैरुतला परतले आणि विद्यापीठात तत्त्वज्ञान विभाग उभा केला. १९४५ मध्ये नव्या लेबनॉनला अमेरिकेत दूत हवा होता. राजनयाचा कोणताही अनुभव नसलेल्या या प्राध्यापकाची निवड झाली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर लेबनॉनतर्फे स्वाक्षरी केली.

४/ मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट, उपाध्यक्ष चीनचे पी. सी. चांग, तर मलिक प्रतिवेदक. चांग कन्फ्यूशियसचा दाखला देत, मलिक पाश्चात्त्य तत्त्वपरंपरेचा. दोघांचे खटके नित्याचे होते. याच आयोगात भारताच्या हंसा मेहता होत्या. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ या अर्थाची शब्दयोजना त्यांच्या आग्रहामुळे पहिल्या कलमात आली.

५/ १९४८ च्या शरद ऋतूत मसुदा पॅरिसला महासभेच्या तिसऱ्या समितीपुढे आला. अध्यक्षस्थानी मलिक. शब्दाशब्दावर वाद झाले, बैठका ऐंशीच्या वर गेल्या. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य कलम १८ मध्ये असावे, हा मलिक यांचा आग्रह होता. सौदी अरेबियाला ते अमान्य होते. अखेर १० डिसेंबरला मतदान झाले : बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८.

६/ पुढे ते लेबनॉनचे परराष्ट्रमंत्री झाले आणि १९५८ मध्ये महासभेचे अध्यक्ष. १९६० च्या सुमारास ते पुन्हा अध्यापनाकडे वळले.

७/ १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली. पुढच्याच वर्षी मलिक ‘लेबनीज फ्रंट’ या ख्रिस्ती पक्षांच्या आघाडीच्या शीर्षस्थ नेत्यांत होते. त्याच वर्षी ख्रिस्ती सशस्त्र गटांनी तेल अल-झातर या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीला वेढा घातला. ती पडली तेव्हा मोठी कत्तल झाली. मलिक यांच्या नात्यातले विचारवंत एडवर्ड सईद यांना तरुणपणी त्यांचे मोठे आकर्षण होते. मलिक यांच्या या वळणाने झालेला भ्रमनिरास सईद यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे.

८/ समर्थक म्हणतात, आपल्या समाजाचे अस्तित्व धोक्यात आले असता त्यांनी दुसरे काय करायचे होते? प्रश्न रास्त आहे. पण समूहावर संकट येते, नेमक्या त्याच वेळी त्याची चूक दाखवणे सर्वांत कठीण होते. मलिक १९८७ मध्ये बैरुतमध्ये वारले, तेव्हा यादवी संपलेली नव्हती. त्यांच्या उत्तरायुष्याचे माप घ्यायला इतिहासकाराला दुसरा मापदंड शोधावा लागत नाही. तो त्यांनी स्वतःच १९४७ मध्ये देऊन ठेवला होता.