पाळीविषयक भेदभाव (अहिल्यानगर जिल्हा)

पाळी आलेल्या स्त्रीला ‘बाहेरची’ ठरवून देव्हारा, चूल, लोणच्याची बरणी यांपासून चार दिवस दूर ठेवण्याची रीत. जिल्ह्यात या रीतीमागच्या विटाळाच्या कल्पनेला उघड आव्हान मिळाले ते शनिशिंगणापूरला. नोव्हेंबर 2015 मध्ये एक स्त्री तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर चढली, म्हणून अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. बंदी सरसकट सर्व स्त्रियांना होती, तिचा पाळीशी संबंध काय, असे विचारले जाते. पण बाईचा पाय लागला की जागा धुवावी लागते, ही समजूत विटाळाचीच. चार दिवसांचा विटाळ इथे बारमाही केलेला होता. 26 जानेवारी 2016 रोजी चौथऱ्यावर प्रवेश मागणाऱ्या भूमाता ब्रिगेड या स्त्रियांच्या संघटनेचा मोर्चा सुप्याजवळ अडवला गेला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला 1956 चा मंदिरप्रवेश कायदा अमलात आणण्यास सरकारला बजावले आणि गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला, चौथरा सर्वांना खुला झाला. कायदा 60 वर्षे पुस्तकात होता. हक्क मागायला बायका उभ्या राहिल्या, तेव्हा तो कामी आला.

सरकारी धोरणाचा भर मात्र वस्तूवर राहिला. 8 मार्च 2018 ला सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी 8 पॅडचे पाकीट 5 रुपयांना ठरले. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला. ही मदत मोलाचीच. तरीही शाळेच्या संडासात पाणी नसेल, कडी लागत नसेल, वापरलेले पॅड टाकायला डबा नसेल, तर मुलगी त्या दिवसांत घरीच राहते. नागापूरच्या एमआयडीसीतल्या कामगार स्त्रीची अडचणही हीच. कारखाने अधिनियम, 1948 ने स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची केली. ती वापरण्याजोगी आहेत का, हे तपासणाऱ्यांनी पाळीच्या दृष्टीनेही पाहायला हवे. घरातली शिवाशिव तर कोणत्याच शासन निर्णयाने सुटत नाही. तिथे तरुणांचे काम आहे, आणि पाळीवरच्या वर्गातून मुलग्यांना बाहेर काढण्याची पद्धत त्यांनी आधी मोडावी.

बाजूला बसल्याने बाईला विसावा मिळतो, हा आक्षेप प्रामाणिक आहे. विसावा हवाच, पण तो तिने मागितलेला असावा, आणि शिवू नये या अटीवर मिळालेला नसावा. शिवाय ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांना तो मिळतच नाही. इथल्या साखर कारखान्यांच्या फडांत बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रिया पाळीतही मोळ्या उचलतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. खाडा टाळण्याचा हा दबाव कुठवर जातो, ते 2019 मध्ये दिसले: शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती.