सरकारची फूटपट्टी आणि छोटी मोटार

मोटार कारखान्यात जन्माला येते, हा आपला समज अर्धाच खरा आहे. तिची कुंडली पुष्कळदा सरकारी कचेरीत मांडली जाते. लांबी किती, इंजिन केवढे, कर किती, हे तिथे ठरते. मग कारखानदार त्या मापाने पत्रा कापतो. साध्या, स्वस्त मोटारींचा इतिहास चाळताना मला ही गोष्ट वारंवार आढळली, आणि सर्वांत ठळक आढळली ती जपानात.

महायुद्धात होरपळलेल्या जपानने १९४९ साली ‘केई’, म्हणजे हलक्या वाहनांचा, एक वेगळा वर्ग नियमाने पाडला. पहिले माप इतके तोकडे, की इंजिन जेमतेम १५० सी.सी.! त्यात धड मोटार बसेना, तेव्हा सरकारने फूटपट्टी हळूहळू वाढवली. १९५५ च्या सुमारास ३६० सी.सी. आणि तीन मीटर लांबी हे माप स्थिरावले. त्याच वर्षी सुझुकीची ‘सुझुलाइट’ आली, १९५८ मध्ये ‘सुबारू ३६०’ आली. या गाड्यांना कर कमी. पुढे १९६२ मध्ये गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला सक्तीचा झाला, तेव्हा त्यातूनही त्या सुटल्या.

गंमत अशी, की १९५५ मध्येच तिथल्या व्यापार-उद्योग मंत्रालयात ‘लोकांच्या मोटारी’ची एक भव्य योजना शिजत होती. चार माणसे बसावीत, ताशी १०० किलोमीटर वेग असावा आणि किंमत अडीच लाख येन! कारखानदारांनी हात टेकले आणि योजना कागदावरच राहिली. किंमत फर्मावणारा हुकूम फसला. माप आखून देऊन बाकीचे कारागिराच्या अकलेवर सोपवणारा नियम फळला.

आपल्याकडे १९५९-६० च्या सुमारास एल. के. झा समितीने स्वस्त मोटारीची शिफारस केली होती. पण परकीय चलनाची ओढाताण, त्यात ट्रक आणि बस यांचा मान आधी. मोटार ठरली चैनीची. गाड्या कोणी आणि किती करायच्या, हेही परवान्यावर ठरे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचे नमुने स्वतःच्या हिकमतीने तयार केले, पण ती बाजारात कधी आली नाही. १९७१ मध्ये निघालेल्या संजय गांधींच्या मारुती कंपनीला परवाना मिळाला, तर गाडी गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. शेवटी १९८१ मध्ये सरकारनेच मारुती उद्योग काढला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. सुझुकीच्या केई घराण्यातलीच ही लेक. इंजिन तेवढे ७९६ सी.सी.चे. जपानी फूटपट्टीने मापलेली मोटार अशी आपल्या अंगणात आली.

पुढे १० जानेवारी २००८ रोजी टाटांनी ‘नॅनो’ दाखवली. एकच वायपर, चाकाला तीनच नट, ६२४ सी.सी.चे इंजिन मागे, आणि किंमत, कर वगळून, एक लाख. स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले पावसात जाताना पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटांनी सांगितले होते. पण गिऱ्हाईक लवकरच रोडावले. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद दारात मिरवायला कोणाला आवडते? २०१४ च्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये उत्पादन थांबले. धडकेची नवी कसोटी २०१९ मध्ये आणि धुराची २०२० मध्ये सर्व गाड्यांना लागू झाली, ती पाहायला नॅनो उरलीच नव्हती.

इथे खरा पेच आहे. एअरबॅगेचा खर्च दहा लाखांच्या गाडीत खपून जातो. लाखाच्या गाडीची तो कंबर मोडतो. म्हणून गरिबाच्या जिवाला कमी मोल द्यावे काय? मुळीच नाही. परंतु गाडी महाग झाली म्हणून मागे फिरणारा माणूस पायी थोडाच जातो? तो पुन्हा त्याच स्कूटरवर बसतो, पुढे एक मूल, मागे एक मूल. धडक-चाचणीच्या तक्त्यात त्या कुटुंबासाठी रकाना नसतो.

मधला मार्ग अशक्य नव्हता. बजाजने २०१२ मध्ये २१६ सी.सी.ची चारचाकी दाखवली. पण ती रिक्षा की मोटार, हेच ठरेना! कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ‘क्वाड्रिसायकल’ म्हणून खासगी वापराची मुभा मिळायला २०१८ उजाडले. याउलट २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळताच कारखानदारांनी मोठ्या गाड्यांच्या शेपट्या छाटून त्या मापात बसवल्या. पट्टी सैल, म्हणून गाडीही ऐसपैस.

फूटपट्टी हवीच, असे माझे मत आहे. मात्र मोटारीची तुलना करायची ती मोठ्या मोटारीशीच नव्हे, तर त्या भिजणाऱ्या स्कूटरशीही. जपानने आपली पट्टी १९७६ आणि १९९० मध्ये पुन्हा वाढवली, पण टाकून दिली नाही. म्हणून तिथे छोटी मोटार टिकली. आपल्याकडे स्कूटरवरचे ते चौघे अजून वाट पाहत आहेत.