बालसंगोपन : दयेपासून विद्येपर्यंत

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवालय केव्हां बांधलें, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत शाळा निघाली, घंटा कोणीं अर्पण केली, याची हकीकत मोठ्या प्रेमानें लिहिली जाते, व तें योग्यच आहे. परंतु आईबाप शेतांत, मिठागरांत किंवा होडीवर गेले असतां ज्या बायांनीं मागें राहिलेलीं लहान मुलें सांभाळलीं, त्यांचा उल्लेख अशा हकीकतींत क्वचितच आढळतो. याचें कारण कृतघ्नता नव्हे. पोरें सांभाळणें हें कांहीं निराळें काम नव्हे, तें कोणासही येतें, अशी आपली फार जुनी समजूत आहे, हेंच त्याचें खरें कारण होय. ही समजूत आपल्या प्रांतांत कशी ढळूं लागली, ती ढळविण्यासाठीं कोणीं श्रम केले, आणि ती अद्यापि किती शिल्लक आहे, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे. पुढें कोणता व्यवसाय पत्करावा हा प्रश्न ज्या तरुण मुलामुलींपुढें उभा आहे, त्यांस तो उपयोगी पडेल अशी आशा वाटते.

आरंभ दयेपासून झाला. १८६३ सालीं पुणें येथें जोतीराव व सावित्रीबाई फुले या दांपत्यानें बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें. फसलेल्या विधवांस तेथें गुप्तपणें बाळंत होतां येई व मूलही तेथें ठेवतां येई. पुढें १८७५ सालीं पंढरपुरास असाच बालकाश्रम निघाला व प्रार्थनासमाजानें तो चालविला. अनेक ठिकाणीं धर्मभगिनींनीं अनाथालयें काढलीं. या संस्थांनीं किती जीव वांचविले याची गणती करणें कठीण. तथापि वांचलेल्या जिवाच्या मनाची वाढ कशी होते, दोन वर्षांच्या मुलास काय हवें असतें व पांच वर्षांच्या मुलास काय, याचा विचार त्या काळीं आपल्याकडे फारसा झालेला नव्हता. सांभाळणारीचें अंतःकरण मोठें असे; परंतु तिला शिकविणारी पाठशाळा कोठेंच नव्हती.

ही उणीव प्रथम युरोपांत ओळखली गेली. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांकरितां आपली संस्था काढली व पुढें तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान असें नांव दिलें. इटलींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ च्या जानेवारींत रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. बाई वैद्यकशास्त्रांत पारंगत होत्या. रोग्याचें निरीक्षण जितक्या बारकाईनें करावयाचें तितक्याच बारकाईनें त्यांनीं निरोगी मुलांचें निरीक्षण केलें, आणि त्यावरून शिक्षणाचीं साधनें बनविलीं. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या, आणि १९४६ पर्यंतच्या वास्तव्यांत त्यांनीं येथील पुष्कळ शिक्षक तयार केले.

परंतु आपल्याकडे त्या येण्यापूर्वींच बीज पडलें होतें. गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका या वकिलानें आपला धंदा सोडून १९२० सालीं बालमंदिर काढलें. तेथें १९२३ सालीं ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, व राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या. म्हणजे पद होतें, मान होता व निश्चित वेतनही होतें. तें सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणें हें त्या काळच्या सुशिक्षित मंडळींस उतरणीचें वाटलें असल्यास नवल नाहीं. ताराबाईंनीं मात्र या कामास विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२६ सालीं गिजुभाईंसह त्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचें संपादन केलें, आणि १९३६ सालीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला.

तथापि हें सर्व शहरांतील व मध्यम स्थितींतील मुलांपुरतें राहिलें, ही खंत त्यांच्या मनांत होती. म्हणून १९४५ सालीं त्यांनीं समुद्रकाठच्या बोर्डी या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्याच वेळीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षीं झाला व अवघ्या सहा महिन्यांत त्यांस वैधव्य आलें. पुढें शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींपुढें पहिलीच अडचण अशी आली कीं, गरिबांचीं मुलें बालवाडींत येतच ना. कोणाच्या कडेवर धाकटें भावंड, कोणाकडे गुरें राखण्याचें काम. तेव्हां मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. वस्तींतल्या अंगणांत जाऊन त्या बसल्या. मुलांस आंघोळ घालण्यापासून तेथील शिक्षणास आरंभ होई. परदेशी बनावटीचीं महाग साधनें त्यांनीं बाजूस ठेवलीं आणि शिंपले, बिया, खडे, पानें यांवर मोजणें व वर्गवारी करणें शिकविलें. अंगणवाडी ही कल्पना अशी जन्मास आली. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एकत्र आणून विकासवाडी झाली; गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या; अनुताईंनीं १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाड सोडलें नाहीं.

याच काळांत दुसराही एक प्रवाह वाहत होता. निराश्रित व गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलांस तुरुंगांत न टाकतां त्यांचें संगोपन करावें, या हेतूनें १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांचा कायदा झाला व १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. कायदा झाला कीं तो राबविणारीं जाणतीं माणसें लागतात. तीं तयार करण्यास १९३६ सालीं मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय सुरू झालें. तेंच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. १९५५ सालीं ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाच्या धर्मभगिनींनीं मुंबईंतच निर्मला निकेतन हें समाजकार्य महाविद्यालय काढलें. ज्या धर्मभगिनी पूर्वीं स्वतः अनाथ बालकें सांभाळीत, त्यांच्याच वर्गांतील भगिनी आतां तें काम शास्त्रशुद्ध रीतीनें करणारे तरुण घडवूं लागल्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास योग्य ठिकाणीं पाठविणें, मातांस आरोग्याचें शिक्षण व शाळापूर्व शिक्षण, अशीं सहा कामें एका सेविकेच्या माथीं आलीं. परंतु येथेंच ती जुनी समजूत पुन्हा डोकें वर काढते. एवढें काम करणाऱ्या स्त्रीस वेतन नव्हे, तर ‘मानधन’ देण्यांत आलें. ती नोकर नव्हे, स्वयंसेविका, असें ठरलें. या वर्गास उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २५ एप्रिल २०२२ रोजीं दिला. त्यांचें काम अर्धवेळ समजतां येणार नाहीं व मानधन हेंही कायद्याच्या दृष्टीनें वेतनच होय, असें त्यांत सांगितलें आहे. योजना सुरू झाल्यापासून हें मान्य होण्यास ४६ वर्षांहून अधिक काळ लागला.

आतां आजच्या वाटा कोणत्या हें पाहूं. अंगणवाडी सेविका होण्यास किमान १२ वीपर्यंतचें शिक्षण व त्या गांवचा रहिवास लागतो. अनुभवानें मुख्यसेविका होण्याचीही वाट आहे. पदवीधरांस परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी होतां येतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें ३ ते ८ हीं वर्षें शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून मानलीं. त्यामुळें बालशिक्षणाची रीतसर पदविका घेतलेल्या शिक्षिकांची गरज वाढणार हें उघड आहे. समाजकार्याचें किंवा मानसशास्त्राचें शिक्षण घेतलेल्यांस २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहें, दत्तकसंस्था व बालकल्याण समित्या या ठिकाणीं कामाचें क्षेत्र आहे. संकटांतील मुलांसाठीं असलेली १०९८ ही दूरध्वनीसेवा १९९६ सालीं मुंबईंत टाटा संस्थेच्याच उपक्रमांतून निघाली, व २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेच्या हातीं आली आहे. ज्या मुलांचें ऐकणें, बोलणें वा चालणें उशिरां होतें, त्यांच्याकरितां जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचोपचारतज्ज्ञ व व्यायामोपचारतज्ज्ञ लागतात. हीं कामें केवळ स्त्रियांचीं आहेत असें मुळींच नाहीं. या चळवळीचा आरंभ एका वकिलानें केला, हें आमच्या तरुणांनीं विसरूं नये.

या व्यवसायांत येऊं इच्छिणाऱ्यांस दोन गोष्टी नम्रपणें सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, मुलांची आवड आहे एवढ्यावर येऊं नये, शिकून यावें. ताराबाई व अनुताई या दोघीही आधीं शिकलेल्या शिक्षिका होत्या, म्हणूनच त्यांना जुनें टाकून नवें रचतां आलें. दुसरी ही कीं, संस्था निवडतांना तिची नोंदणी व मान्यता आहे कीं नाहीं, सेवेच्या अटी लेखी मिळतात कीं नाहीं, आणि मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची आधीं चौकशी होते कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. जी संस्था अशा प्रश्नांनीं रागावते, तेथें मुलेंही सुरक्षित नसतात.

आणि एक गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांसही सांगण्याजोगी आहे. आपल्या गांवच्या बालवाडीच्या बाईंस आपण मोठ्या मानानें ‘ताई’ म्हणतों, नाताळास एखादें पातळही देतों. परंतु त्यांच्या पगाराची गोष्ट निघाली कीं सेवाभावाची आठवण करून देतों. मानधन या शब्दांत मान व धन हे दोन्ही शब्द आहेत. त्यांपैकीं पहिला देण्यास खर्च पडत नाहीं म्हणून तेवढाच देऊन थांबणें हें न्यायाचें नव्हे. ज्या दिवशीं आपल्या वाडीवरील एखादी हुशार मुलगी, ‘मी बालशिक्षिका होणार’, असें म्हणेल, आणि तें ऐकून तिच्या आईबापांच्या कपाळीं आठी पडणार नाहीं, त्या दिवशीं बोर्डी-कोसबाडच्या त्या दोन बायांच्या श्रमांचें चीज झालें असें समजावें.